टेबलावर घेण्याआधी त्यांना विचार

प्रश्न: "ताई, सिंधुदुर्गातल्या एका तीस खाटांच्या रुग्णालयात चार महिन्यांपूर्वी मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, रुजू झाले. गेल्या आठवड्यात प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर एका काकांचं उजवं पाऊल घोट्यातून वर उचलेना. पाठीतली भूल होती, पाय स्टिरपमध्ये, म्हणजे टेबलाच्या पाय वर धरणाऱ्या आधारांत, होते आणि पोझिशन मीच दिली होती. तेव्हापासून मला झोप नाही. पेशंटला टेबलावर कसं ठेवायचं, कुठे काय द्यायचं, याची यादी मिळेल का?"

उत्तर:

आधी काकांचं बघू, बाकीचं नंतर.

भूल उतरायची वेळ टळून गेल्यावरही पाऊल लोंबतं राहिलं, तर "उतरेल हळूहळू" म्हणत दिवस काढायचे नसतात. भूलतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनी त्यांना स्वतः तपासलं का, ते आधी पक्कं कर. दोन्ही पायांतला जोर गेला असेल, पाठीत जोराची कळ असेल किंवा बैठकीची जागा बधिर असेल, तर पाठीच्या कण्यात रक्त साचून दाब आलेला असू शकतो. तिथे एकेक तास मोलाचा असतो, लगेच एमआरआय लागतो. प्रोस्टेटच्या पेशंटला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असतो, त्यामुळे लघवीचा ताबा गेला तरी कोणाला कळत नाही. म्हणून त्यांना मुद्दाम विचारायचं, "काका, बसायच्या जागेला हात लावलेला कळतो ना?"

हे काही नसेल, एकाच पायाचं पाऊल वर येत नसेल, पावलाची वरची बाजू बधिर असेल, पण पाऊल आतल्या बाजूला नीट वळवता येत असेल, तर नस बहुधा गुडघ्याशी दबली आहे. तुझ्या स्वतःच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट लाव. हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याच्या खालून नस वळसा घालून पुढे येते आणि तिच्यावर कातडीशिवाय जवळजवळ काहीच नसतं. स्टिरपचा दांडा तिथे टेकला की झालं. पाऊल आतही वळत नसेल, तर दुखणं वर कमरेतल्या नसेचं असू शकतं. निदान डॉक्टरच करतील, पण तू पाहिलेलं तू लिहून ठेव.

नुसत्या दाबामुळे झालेलं असेल तर बहुतेकांची ताकद काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. तोवर पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट, रोजचा व्यायाम आणि अनवाणी चालणं पूर्ण बंद. आपल्याकडे खळ्यात, परड्यात माणूस सवयीने अनवाणीच जातो. लोंबता अंगठा चिऱ्याच्या पायरीवर आपटला आणि त्यांना साखर असली, तर ती जखम पायाच्या दुखण्याहून मोठी होते. नसेची विद्युत तपासणी साधारण तीन आठवड्यांनी करतात. फार लवकर केली तर खरं चित्र दिसत नाही. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जायचं की कोल्हापूरला, ते डॉक्टर सांगतील. आणि घरच्यांपासून लपवू नका. काय झालंय, का झालं असावं, पुढे काय करायचं, हे सर्जनने स्वतः बसून सांगायचं असतं. तूही तिथे हजर राहा.

आता यादीचं. यादी देईन, पण ती हातात आली की माणूस यादीकडे बघतो आणि टेबलावरच्या माणसाकडे बघायचं राहून जातं. माझं हे काम सत्तावीस वर्षांचं आहे. शिकले ते एका चुकीतून, म्हणून तीच आधी सांगते.

मला नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती. वेंगुर्ल्याकडच्या एक आजी, अंग बाहेर येत होतं म्हणून खालून गर्भपिशवी काढायची होती. पाठीतली भूल दिली, पाय वर घेतले, स्टिरपमध्ये लावले. इतके सहज गेले की मला बरंच वाटलं. गाद्या ठेवल्या, पट्टे बघितले, सगळं जागच्या जागी. ऑपरेशन सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी आजींना डाव्या जांघेत अशी कळ लागली की कूस बदलता येईना. पुढे कित्येक महिने त्या काठी टेकत चालल्या. त्यांची सून मला म्हणाली, "आमची आये वीस वर्षां मांडी घालून बसाक नाय. मासो कापताना पण विळी टेबलार ठेयता." मला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि वीस वर्षं जिथवर न गेलेला सांधा तिथवर मुकाट जातो. त्याला थांबवणारं दुखणं आपणच काढून घेतलेलं असतं.

तेव्हापासून मी पोझिशन आदल्या संध्याकाळी वॉर्डात द्यायला लागले. पेशंटच्या खाटेशी जाऊन बसते. प्रश्न साधे असतात. मांडी घालता येते का? उकिडवं बसता येतं का? हात डोक्यावर नेऊन केस बांधता येतात का? रात्री किती उशा घेता? उताणं झोपलं की दम लागतो का, हाताला मुंग्या येतात का? मागून हाक आली तर मान वळवून बघता येतं का? कामधंदा विचारायचाच. रापणीचं जाळं ओढणाऱ्याचे खांदे, माडावर चढणाऱ्या पाडेल्याचे गुडघे, काजूच्या कारखान्यात दिवसभर बसून बी फोडणाऱ्या बाईची कंबर, जन्मभर लावणी केलेल्या म्हातारीची वाकलेली पाठ, हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. मग शक्य असेल तर त्यांनाच म्हणते, "उद्या असे पाय वर ठेवायचे आहेत, आत्ता एकदा करून दाखवा बघू." जिथे त्यांचा चेहरा आक्रसतो तिथे उद्याची माझी हद्द. तेवढीच ठेवायची, त्याच्या पुढे इंचभर नाही. तेवढ्यात काम होणार नसेल तर सर्जनना आदल्या दिवशीच सांगते. दुसऱ्या दिवशी पेशंट टेबलावर असताना तो वाद करायला वेळ नसतो.

त्याच वेळी पावलं बघायची. अंगठे वर करून दाखवा म्हणायचं, करंगळीला स्पर्श कळतो का बघायचं. साखरेच्या पेशंटची पावलं आधीपासून बधिर असतात. ते आधी लिहिलेलं असलं की उद्या काय नवीन झालं आणि काय जुनं होतं, ते ठरवता येतं.

आता टेबलाशी येऊ. पाय वर घेण्याची पोझिशन, लिथोटॉमी, आपल्या छोट्या रुग्णालयांत सर्वांत जास्त लागते आणि सर्वांत जास्त घाईत दिली जाते. दोन्ही पाय एकाच वेळी वर, दोन माणसांनी, एका लयीत. एक पाय वर आणि एक खाली असा क्षणभरही नको, कंबर पिळवटते. टाच एका हातात, गुडघ्यामागे दुसरा हात. दोन्ही स्टिरप सारख्या उंचीवर. दांडा पायाच्या बाहेर असेल तर गुडघ्याबाहेरच्या त्या उंचवट्याशी जाडजूड गॅमजी, म्हणजे कापसाची गादी, आणि गॅमजी लावल्यावरही दांडा आणि पाय यांच्यात तुझा तळहात सहज फिरला पाहिजे. दांडा आतल्या बाजूने असेल तर पोटरीच्या आतल्या कडेची नस दबते. गुडघ्याखाली पन्हळीसारखा आधार देणारे स्टिरप असले, तर वजन पोटरीवर यायला हवं, गुडघ्याच्या खोबणीत नाही. ऑपरेशनच्या मध्येही बघायचं, कारण असिस्टंट उभ्या उभ्या दमतो आणि नकळत मांडीवर रेलतो. "डॉक्टर, पायावर वजन येतंय" हे म्हणायला मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता वाटत नाही. तूही म्हण.

बारीक अंगाचे, विडी-सिगारेट ओढणारे आणि चार तासांपलीकडे चाललेली ऑपरेशनं, यांत ही इजा जास्त होते. काम दोन तासांच्या वर जाणार असं दिसलं की पाय थोडा वेळ खाली घ्यायचे का, हे मी विचारते. फार वेळ वर राहिलेल्या पायात आणखी एक भीती असते. पोटरी दगडासारखी ताठ होते, बोटं हलवली की पेशंट ओरडतो आणि वेदनाशामकाने दुखणं हटत नाही. तसं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता सर्जनना उठवायचं.

पाय खाली घेताना आधी भूलतज्ज्ञांना सांगायचं. दोन्ही पाय मधोमध जवळ आणायचे, सरळ करायचे, मग सावकाश खाली. वर असलेलं रक्त पायांत उतरतं आणि प्रेशर धाडकन पडतं, पाठीतली भूल असेल तर जास्तच. आणि टेबलाचा खालचा भाग परत वर करण्याआधी पेशंटचे हात कुठे आहेत ते डोळ्यांनी बघ. हात अंगालगत ठेवलेले असले तर बोटं नेमकी त्या सांध्यात येतात. बोटं चिरडल्याच्या, तुटल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. मी हात धरूनच ठेवते आणि मग टेबल हलवायला सांगते.

हातांचं बघू. आर्मबोर्डवर, म्हणजे टेबलाच्या बाजूला हातासाठी लावतात त्या फळीवर, हात बाहेर काढला तर काटकोनाच्या आत, नव्वद अंशांच्या पुढे कधीही नाही. तळहात छताकडे. तळहात खाली केला की कोपराच्या आतल्या खोबणीतली नस थेट बोर्डावर येते, तीच करंगळीला जाणारी. आर्मबोर्ड गादीच्या बरोबरीच्या उंचीवर हवा. खाली असला की खांदा मागे ओढला जातो, मानेतून हातात येणाऱ्या सगळ्या नसांना ताण बसतो. मान दुसऱ्या बाजूला वळलेली असली की तो ताण दुप्पट. हात अंगालगत ठेवायचा असेल तर तळहात मांडीकडे, कोपराखाली मऊ घडी, आणि चादरीचं टोक अंगाखाली खोचायचं, गादीखाली नाही. करंगळीच्या नसेचं दुखणं पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतं. नीट गादी देऊनही काहींना होतं. पुरुषांत जास्त. म्हणून एखाद्याला झालं की लगेच सिस्टरकडे बोट दाखवणंही बरोबर नाही. स्वतःला खात बसू नकोस, हे तुलाही सांगते.

आता आपल्या हवेचं. पुस्तकं कोरड्या, थंड ओटीत बसून लिहिलेली असतात. आपल्याकडे जून-जुलैत चादरी व्हरांड्यात दोरीवर चार दिवस लटकतात आणि तरी सादळलेल्याच राहतात. अशी दमट चादर, तिच्याखाली मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी चादर, वर घामेजलेली पाठ, त्यात बाजूने ओघळलेलं बीटाडीन. दोन तासांत कातडी मऊ पडते आणि मग सरकवताना सोलवटते. स्वच्छता झाल्यावर पाठीखाली, कुल्ल्यांखाली हात घालून ओल आहे का बघायचं, असेल तर घडी काढून घ्यायची. स्पिरिट असलेलं औषध साचलेलं असताना कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र, चालू केली तर पेट घेतं. कॉटरीची प्लेट कोरड्या, मांसल, केस नसलेल्या जागी, बहुतेकदा मांडीवर. पेशंट हलवला की ती पुन्हा बघायची. घामाने कड सुटते. अंगाचा उघडा भाग टेबलाच्या धातूला किंवा सलाईन स्टँडला टेकू द्यायचा नाही.

जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र यांबद्दलही आदल्या दिवशीच बोलायचं. हिरव्या बांगड्या उतरवायला बायका का कू करतात, ते समजून घ्यायचं. टेबलाशी उभं राहून ओरडायचं नाही. मनगटाला काळा दोरा बांधला तर बहुतेकींचं समाधान होतं. पुरुषांच्या कमरेचा करगोटा मात्र सगळे विसरतात. त्यातला चांदीचा मणी माकडहाडाखाली दोन तास रुतून राहिलेला मी पाहिला आहे. सकाळी तिथे काळानिळा डाग होता.

केशवाहिन्यांतला दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा धरतात. त्याहून जास्त दाब एका जागी राहिला की तिथलं रक्त थांबतं. टाच, माकडहाड, कोपर, खांद्याचं पान, डोक्याची मागची बाजू, इथे हाड आणि कातडी यांच्यात काही नसतं. जेलच्या गाद्या महाग असतात, बहुतेक छोट्या ठिकाणी नसतात. आम्ही चांगला जाड फोम कापून त्याला रेक्झिनची खोळ शिवून घेतली, अजून चालते. पोटरीखाली लांब उशी द्यायची म्हणजे टाच हवेत राहते आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो. पाण्याने भरलेला ग्लोव्ह टाचेखाली ठेवू नकोस. घट्ट गुंडाळलेला टॉवेलही नको, तो दगडासारखा होतो. आणि थंडी वाजते म्हणून गरम केलेल्या सलाईनच्या बाटल्या बधिर पायांशी कोणी ठेवत असेल तर ते आजच बंद कर. पाय भाजला तरी त्यांना कळत नाही.

सरकवताना ओढायचं नाही, उचलायचं. चार माणसं लागतात, डोक्याशी भूलतज्ज्ञ आणि 'एक, दोन, तीन' ही मोजणीही त्यांचीच. वॉर्डबॉय मामा बाहेर गेलेत म्हणून तीन जणांनी करू असं रात्रीच्या सिझेरियनला होतं. त्या वेळी एक मिनिट थांबलेलं चालतं. टेबलाचा आणि ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबून बघायचा, नुसता बघायचा नाही.

सिझेरियनच्या बाईला पूर्ण उताणं ठेवायचंच नाही. पोटातलं बाळ मोठ्या रक्तवाहिन्यांवर बसतं, आईचं प्रेशर पडतं आणि बाळाचा रक्तपुरवठाही. उजव्या कुल्ल्याखाली घडी देऊन डावीकडे साधारण पंधरा अंश कलतं ठेवायचं. बाळ बाहेर येईपर्यंत ती घडी काढायची नाही. टेबल कलतं केलं असेल तर तिला पट्टा लागलाय का बघ. पट्टा मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर. गुडघ्यावर नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे शेवाळलेल्या पायरीवरून घसरून खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं येतात. त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. चिकटपट्टी ओढून काढली तर कातडी तिच्याबरोबर येते. पाठ वाकलेली असेल तर डोक्याखाली दोन उशा, तीनसुद्धा. मान हवेत लोंबता कामा नये. ओढ देण्याच्या टेबलावर दोन मांड्यांच्या मध्ये जो खांब असतो, त्याला जाड गुंडाळणं हवं. पुरुषांची जननेंद्रियं तिथे अडकली नाहीत ना, ते हाताने खात्री करून बघायचं, लाजायचं नाही. ओढ जेवढी लागते तेवढीच आणि तेवढाच वेळ. हाड बसल्यावर ती सैल करता येईल का, हे विचारायला विसरू नये.

कुशीवरची पोझिशन मिळाली तर एवढं ध्यानात ठेव. काखेची गुंडाळी काखेत नसते, काखेच्या खाली छातीच्या बाजूवर असते. काखेत घातली तर जी नस वाचवायची तीच दबते. खालचा कान दुमडला नाही ना बघ, खालचा पाय वाकवलेला, दोन पायांत उशी. पालथं ठेवायचं असेल, मुतखड्यासाठी पाठीतून जातात तेव्हा लागतं, तर पोट मोकळं हवं. छातीखाली आणि कमरेच्या हाडांखाली आधार, मध्ये हात आरपार गेला पाहिजे. पोट दबलं की श्वासाला जोर लागतो आणि रक्तस्रावही वाढतो. डोळ्यांवर काहीही टेकलेलं नको आणि ते मध्ये मध्ये पुन्हा बघायचं. ट्रॉली ओटीच्या दाराबाहेरच राहू दे. पेशंटला घाईने उताणं करायची वेळ आली तर ती लागते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला डोकं खाली करतात, तेव्हा पेशंट इंच इंच वर सरकतो. खांद्यांना ठोकळे लावून अडवायचा मोह होतो. पण ठोकळा मानेजवळ गेला तर हातच लुळा पडू शकतो. मी ठोकळे वापरत नाही, खडबडीत फोम थेट पाठीला लागेल असा ठेवते आणि सर्जनना विचारते की इतकं खाली खरंच हवं आहे का. पुष्कळदा ते म्हणतात, थोडं वर घे. आणि वादळात लाइट गेली तर तुमच्याकडचं टेबल हाताने किंवा पायाने कसं सरळ करायचं, ते शांत दिवशी शिकून ठेव.

ऑपरेशन संपलं की लिहायचं. कुठली पोझिशन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठे काय आधार दिला, कोणी दिला, नंतर कातडी कशी दिसली. लाल डाग असेल तर बोटाने दाब. पांढरा होऊन परत लाल झाला तर बहुधा जाईल. दाबून पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात. दोन दिवसांनी उमटलेल्या काळसर डागाला पुष्कळदा भाजल्याचा डाग समजतात, तो आतून दाबाने मेलेला भाग असू शकतो. भूल उतरल्यावर संध्याकाळी मी वॉर्डात पुन्हा जाते, अंगठे वर करायला सांगते, करंगळीला हात लावते. दोन मिनिटं लागतात.

शेवटचं काम माझ्यासाठी कर. एखाद्या रिकाम्या दुपारी मैत्रिणीला सांग आणि स्वतः त्या टेबलावर झोप, पाय त्याच स्टिरपमध्ये, हात त्याच आर्मबोर्डवर, वीस मिनिटं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला मी हे करायला लावते. कुठे रुततं, कुठे मुंग्या येतात, हे तुला दहाव्या मिनिटाला कळेल आणि तेवढ्या जागा लिहून घेतल्यास की तीच तुझ्या टेबलाची यादी.

काकांचं पाऊल किती वर येतंय, ते दर आठवड्याला मला कळव.